मृत्युलेखाची घाई

आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या तेराव्याची बोलणी करू नयेत, एवढे सौजन्य आपल्याकडे घरोघरी पाळले जाते. भारत संचार निगमाच्या वाट्याला ते आले नाही. निगमाच्या आद्याक्षरांवरून ‘भाईसाब, नहीं लगेगा’ ही कोटी रूढ झालीच होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि अनेक वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी या सार्वजनिक उद्योगाचा मृत्युलेखच लिहावयास घेतला. त्याचा मथितार्थ एकच : नोकरवर्ग अवाढव्य, कारभार सुस्त, पैसा बुडीत, तेव्हा टाळे लावा आणि मोकळे व्हा.

या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. तक्रारीस दाद न मिळणे, वीज गेली की मनोरा मुका होणे, हे अनुभव धारणीच्या ग्राहकास कोणी सांगावयास नको. मिळकतीचा फार मोठा हिस्सा पगारावर खर्च होत होता, हेही खरेच. म्हणून तर जानेवारी २०२० अखेर सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छेने निवृत्त झाले. परंतु अर्धे सत्य सांगून उरलेले दडविणे यास टीका म्हणत नाहीत.

ते उरलेले सत्य असे. निगम २००८-०९ पर्यंत नफ्यात होता. ग्रामीण दूरध्वनीचा तोटा भरून काढण्यासाठी मिळणारा आकार २००८ मध्ये बंद झाला. २०१० मध्ये खाजगी कंपन्यांनी लिलावात चढविलेल्या दराने, स्वतः बोली न लावताही, निगमास ध्वनिलहरींपोटी सुमारे १८,५०० कोटी रुपये मोजावे लागले. खाजगी क्षेत्रात ‘जिओ’ची फोर-जी सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली; निगमास त्यासाठी लहरी देण्याचा निर्णय सरकारने घेतला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये! पुढे यंत्रसामग्रीची निविदा रद्द झाली, देशी यंत्रणेचा आग्रह धरला गेला, आणि त्या यंत्रणेचे राष्ट्रार्पण होण्यास सप्टेंबर २०२५ उजाडला. देशी यंत्रणेचा आग्रह योग्यच होता. पण त्यासाठी लागलेल्या वर्षांचे खापर तारमार्गावर राबणाऱ्या कर्मचाऱ्याच्या माथी का? पायात बेडी घालून शर्यतीत उतरवावयाचे आणि मागे पडला म्हणून हसावयाचे, हा कोणता न्याय?

मुंबई-दिल्लीच्या वृत्तलेखकास निगम बंद पडला तर खिशातील कार्ड बदलण्यापलीकडे काही करावे लागणार नाही. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे येणाऱ्या घाटरस्त्यावर मात्र हा प्रश्न वेगळा होतो. विरळ कोरकू वस्ती, दाट जंगल, व्याघ्र प्रकल्पाचे निर्बंध : येथे मनोरा उभारणे व्यापाराच्या हिशेबात बसत नाही. अलीकडच्या निवडणुकांतही मेळघाटातील अनेक मतदान केंद्रे संपर्काबाहेरची म्हणून नोंदली गेली आणि निरोप बिनतारी यंत्रणेने पाठवावे लागले. दुसरीकडे शाळेची माहिती, अंगणवाडीची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशन दुकानातील अंगठा, सारे काही नेटवर्कवर टांगलेले. जेथे फोर-जी पोहोचलीच नव्हती अशा देशातील २४,६८० गावांचे काम जुलै २०२२ मध्ये सरकारने सोपविले ते निगमाकडेच. या कर्तव्याचे मोल ताळेबंदात दिसत नाही. म्हणून ते बातमीतही दिसू नये काय?

जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा लाखो ग्राहक निगमाकडे वळले. लगेच सूर पालटला. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत २६२ कोटींचा नफा होताच ‘सतरा वर्षांनी नफा’ असे मथळे झळकले. संपूर्ण २०२४-२५ सालचा तोटा दोन हजार कोटींहून अधिक होता, हे मात्र तितक्या ठळकपणे कोणी छापले नाही. ही स्तुतीही त्या निंदेइतकीच उथळ होय.

निगमाचे दोष लपवावेत असे कोणी म्हणणार नाही. मनोरा किती दिवस बंद होता, डिझेल का पुरविले नाही, दुरुस्तीस माणूस का आला नाही, हे वृत्तपत्रांनी अवश्य विचारावे. पण धोरण दिल्लीत कोणी ठरविले, हेही त्याच लेखणीने विचारावे. अनेक गैरसोयी सोसून धारणीच्या ज्या शिक्षकाने, कारकुनाने निगमाचे कार्ड अद्याप टाकलेले नाही, त्यास शोकगीत नको आणि पोवाडाही नको. त्याला चालू मनोरा हवा, आणि त्याविषयी खरी बातमी हवी.