चाड्यावरची मूठ

मंडळी, "देवावर भरवसा ठेवावा की आयुष्याचं नियोजन करावं" हा विषय व्याख्यानात ऐकायला फार गोड वाटतो. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र तो दरवर्षी जूनमध्ये दारात येऊन उभा राहतो. त्याचं उत्तर चुकलं, तर दिवाळीच्या सुमारास घरातल्या नवराबायकोला कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागतं.

होतं असं. 7 जूनच्या आसपास मृग लागतो. एखादी सर येते, मातीचा वास सुटतो आणि गावात कुणीतरी तिफण बाहेर काढतो. त्याचं बघून शेजारी काढतो. "मृगाचा पेरा साधला पाहिजे, बाकी पांडुरंगाला काळजी!" मग पाऊस पंधरा-वीस दिवस गायब. कोंब करपतात. दुबार पेरणी. बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सगळं दुसऱ्यांदा, आणि तेही दुकानदाराच्या उधारीवर. ती उधारी फेडायला मुकादमाची उचल, आणि उचल घेतली की पोरांची शाळा अर्ध्यात टाकून सहा महिने कारखान्याच्या फडात. दरवेळी असंच होतं असं नाही. पण ज्या घरात झालं, त्यांना पांडुरंगाची काळजी म्हणजे काय हे विचारून बघा.

कृषी खातं आणि परभणीचं कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं एकच सांगतं: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, वाफसा येऊ द्या, मग पेरा. घरचं सोयाबीन असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, किमान सत्तर उगवले तरच ते बियाणं म्हणून वापरा. याला पैसे लागत नाहीत. लागतो धीर, आणि तोच नेमका महाग!

माझे एक काका म्हणतात, "अरे, थांबणं म्हणजे देवावर अविश्वास. ज्यानं चोच दिली, तो चारा देईलच की." मला हे पटत नाही. पहिल्याच सरीवर पेरणारा माणूस देवावर विश्वास ठेवतो असं मला वाटत नाही. तो शेजाऱ्यावर ठेवतो. शेजाऱ्याचं साधलं आणि आपलं हुकलं तर, ही ती भीती. (पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघणं आणि भेंडवळची घटमांडणी ऐकणं हा तर वेगळाच विषय. ऐकायला मलाही आवडतं, पण त्यावर बियाण्याची पिशवी फोडू नये.)

आता दुसऱ्या बाजूलाही एक चिमटा. आमच्यातली शहरात गेलेली मुलं तिफणीला हळदकुंकू लावताना बघून हसतात. त्यांनाही सांगावंसं वाटतं की बाबांनो, 100 मिलिमीटर मोजून पेरलेलंही जळतं. शिवाय थांबायलाही किंमत आहे. पेरा लांबला की उतारा घटतो, आणि जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचं फारसं खरं नसतं. 1972 साली, 2012-13 ला, 2015-16 ला काय शहाणी माणसं नव्हती? धनेगावचं मांजरा धरण आमच्याच केज तालुक्यात. 2016 मध्ये ते आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पुढं 2020 च्या खरिपात तर बीडमध्ये पीक विमा द्यायला कंपन्या पुढं येईनात. मग 80-110 चं सूत्र निघालं. भरपाई हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली तर वरचं सरकारनं सोसायचं, आणि कमी निघाली तर कंपनीनं वीस टक्के ठेवून बाकीचं परत करायचं. हाच तो 'बीड पॅटर्न'. आकड्यांत मुरलेल्या कंपन्या जिथं कचरतात, तिथं आमचा माणूस चाड्यावर मूठ धरतो. त्यानं आधी हात जोडले तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

बीड शहराजवळची खजाना विहीर बघितली नसेल तर जरूर बघा. सोळाव्या शतकात निजामशाहीतल्या सलाबत खानाच्या काळात झालेलं काम. पाणी जमिनीखालून येतं आणि उताराच्या जोरावर तसंच पुढं शेतापर्यंत जातं. पाऊस पाडणं त्या लोकांच्याही हातात नव्हतं. उतार मोजणं होतं, तेवढं त्यांनी चोख केलं. काठावर उभं राहिलं की मला हे भाषणापेक्षा जास्त पटतं.

असो. पाऊस मोजायचा तर मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र आहे, पण ते पडतं दहा-पंधरा किलोमीटर लांब. त्याच्याकडं पाऊस होतो आणि आपला बांध कोरडा, असं कितीदा तरी होतं. तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा एखादा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवा, झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली नको. सकाळी पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी आत उभी धरून पाणी मोजा, तारीख घालून कॅलेंडरवर लिहा आणि डबा रिकामा करा. काका, तुम्हीसुद्धा. तिफणीची पूजा करायला मी येतोच आहे, येताना नारळ आणतो. पण आकडा बघितल्याशिवाय नारळ फोडायचा नाही!