गव्यापलीकडचे राधानगरी

कोल्हापूर - एकाच सहलीत घनदाट डोंगर आणि पाणथळ जागा दाखवता याव्यात, हे भाग्य फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आले आहे. तरीही कोल्हापूरचे निसर्गपर्यटन अद्याप 'गवा दिसला का?' या एकाच प्रश्नाभोवती घुटमळते आहे.

त्याला इतिहासही आहे. दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. १९८५ मध्ये विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले. २०१२ मध्ये ते पश्चिम घाटासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. मात्र, या जंगलाचे खरे वैभव पक्ष्यांत आहे. धनेश उंबरासारख्या फळझाडांवर जगतो आणि जुन्या वृक्षांच्या ढोलीत घरटे करतो. धुरळा उडवीत धावणाऱ्या जीपमधून तो दिसत नाही. त्यासाठी झाड न् झाड ओळखणारा स्थानिक वाटाड्याच हवा.

खरा प्रश्न येथेच आहे. गव्यांनी पीक तुडवले, तर नुकसान सोसतो जंगलाकाठचा शेतकरी. पर्यटकांचा पैसा मात्र मुख्यतः निवासगृहांच्या गल्ल्यात जातो. त्याच शेतकऱ्याच्या मुलाला मार्गदर्शनाचे काम मिळाले, तर जंगल राखण्यात त्याचा स्वार्थ निर्माण होईल.

शहरातील रंकाळ्याची कथा वेगळी नाही. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तलाव वारंवार ग्रासला. हिवाळी पाहुण्यांना चौपाटीवरील रोषणाईपेक्षा शांत, उथळ काठ अधिक गरजेचा असतो. शिवाय पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद राहते. त्या महिन्यांत वाटाड्याची चूल कशावर पेटणार, याचे उत्तर आधी शोधावे लागेल.