आधी गाडीखाली शिरा

दसऱ्याआधीचे दिवस गॅरेजवाल्यांचे असतात. उसाचा हंगाम तोंडावर आलेला, पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्या बाहेर काढायच्या, आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात चांगला मिस्त्री शोधूनही मोकळा सापडत नाही. याच दिवसांत बारा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीचा मालक मिस्त्रीला विचारतो, "इंजिन करून टाकू का?" तोवर बहुतेकदा इंजिन उघडून झालेलं असतं आणि 'नको' म्हणायची सोय उरलेली नसते. हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी सुटायला हवा.

जुन्या ट्रकमध्ये इंजिनाचा खर्च डोळ्यांत भरतो, पण सगळ्यात सरळ काम तेच आहे. टाटाच्या कितीतरी गाड्यांत बसलेलं कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन घ्या. त्याला लायनर नाही, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच आहेत. झिजले की बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, मापं संपली की स्लीव्ह बसवायची. हे करणारे कारागीर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, सुटे भाग मिळतात आणि खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. ब्रीदरमधून धूर येतोय, ऑइल कमी होतंय, घाटात गाडी ओढत नाही, या तक्रारींवर इलाज आहे.

चेसिसचं तसं नाही. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, क्रॉस मेंबरच्या रिव्हेटांभोवती, मागच्या दोन ॲक्सलच्या वर बारीक तडे पडतात. वर्षानुवर्षांच्या ओव्हरलोडने ते वाढतात. रिव्हेट ढिली झाली की तिच्याखाली गंजाचा लालसर ओघळ दिसू लागतो. तडा दिसला की आपल्याकडे वेल्डिंग मारतात. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर वेल्डिंग करू नका, भोकं पाडू नका, असं उत्पादक बजावतात. उष्णतेने सांध्याशेजारचं पोलाद कमजोर होतं आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. वरून पट्टी जोडली तरी ताण पट्टीच्या टोकाशी जमतो. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी गाडी धुऊन, वाळवून खड्ड्यावर घ्या आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली शिरा. चेसिस तडकलेली असेल तर नव्या इंजिनावर घातलेला पैसा परत मिळणार नाही.

चेसिस धड निघाली, तर मग हिशेब. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी काढा, असं पुष्कळजण सांगतात. आम्हाला हे पटत नाही. गाडीला बाजारात काय येईल याचा आणि ती पुढच्या वर्षभरात तुम्हाला काय मिळवून देईल याचा संबंध फार थोडा. प्रश्न पुढच्या बारा महिन्यांचा आहे: एका बाजूला दुरुस्ती, जादा डिझेल आणि गाडी उभी राहण्याचे दिवस, दुसऱ्या बाजूला नव्या गाडीचा हप्ता आणि वाढलेला विमा.

डिझेलचं उदाहरण घेऊ. समजा जुनी गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते आणि नवी चार. महिन्याला 6,000 किलोमीटर धावलात तर फरक साधारण 214 लिटरचा. 90 रुपये भाव धरला तर 19,000 रुपयांच्या थोडा वर. तीच गाडी महिन्याला 2,500 किलोमीटरच फिरत असेल, तर फरक 8,000 रुपयांच्या आसपास. एवढ्यात नव्या मोठ्या ट्रकचा हप्ता निघत नाही. मालवाहू वाहनांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तरीही नाही. म्हणून कारखान्याच्या पन्नास किलोमीटरच्या परिघात चालणारी, हप्ता फिटलेली जुनी गाडी सांभाळणाऱ्याला मागासलेला म्हणू नये. त्याच्यापाशी 'बीएस-6' गाडीचं युरियाचं आणि फिल्टरचं काम जाणणारा मिस्त्री नसेल, तर जुनी गाडी सांभाळण्याला आणखी एक कारण आहे.

लांबच्या खेपांचा हिशेब मात्र वेगळा, कारण तिथे खरा तोटा उभ्या गाडीचा होतो. कांदा किंवा द्राक्षं भरलेली गाडी कसारा घाटात बंद पडली, तर दुरुस्तीचं बिल सगळ्यात लहान ठरतं. भाडं कापलं जातं, माल खराब होतो आणि पुढच्या वेळी व्यापारी दुसऱ्याला फोन करतो. हे कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून वहीत लिहावं लागतं. गेल्या वर्षभरात गाडी किती दिवस उभी होती आणि कशामुळे, एवढं तरी प्रत्येक मालकाकडे लिहिलेलं हवं. शिवाय दिल्लीबाहेर नोंदणी असलेल्या 'बीएस-3' आणि त्याखालच्या मालवाहू गाड्यांना 1 नोव्हेंबर 2025 पासून दिल्लीत प्रवेश नाही. नाशिकहून दिल्लीचा माल धरणाऱ्याने अशा गाडीचं इंजिन कशासाठी करावं?

निर्णयाची वेळ पासिंग ठरवतं. आठ वर्षांनंतर ते दरवर्षी असतं आणि 15 वर्षांपुढच्या जड गाडीसाठी त्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 लाच 12,500 रुपयांवर गेलं होतं. तेव्हा पासिंगच्या तीन महिने आधी हिशेब मांडा. त्या वेळी 'आत्ताच तर गिअरबॉक्स केला' हे वाक्य बाजूला ठेवा. गेलेला पैसा दोन्ही वाटांनी गेलेलाच आहे. या एका वाक्यापायी क्लच, मग पंप, मग क्राऊन-पिनियन असे खर्च करत मालक कर्जात जातात.

चालकालाही विचारा. स्टिअरिंग ओढतंय का, उतारावर ब्रेक कसे लागतात, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. चांगले चालक तिकडे वळणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

गाडी काढायची ठरली, तर तडकलेली चेसिस रंगवून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं आणि मालवाहू वाहनाच्या मोटार वाहन करात आठ वर्षांपर्यंत 15 टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आणि गाडी जाणारच आहे म्हणून शेवटच्या महिन्यांत ब्रेक लायनर, टायर आणि किंग पिनचा खर्च टाळू नका. तुमच्या वहीत ती गाडी संपलेली असली, तरी खंबाटकीच्या उतारावर तिच्या पुढे लोकांच्या गाड्या चालत असतात.