गोड्या पाण्याचा गळ, खाऱ्या पाण्यात

डिसेंबरात इंग्लंडमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधारायला लागतं. त्या थंडीतही किनाऱ्यावर गळ टाकून उभे राहणारे शौकीन तिथं भेटतात. त्यांची आयुधं बघावीत. बारा-तेरा फुटी दांडगी काठी, दीडशे ग्रॅमचं शिसं आणि ते लाटांच्या पलीकडे शंभरेक मीटरवर भिरकावणारे खांदे. आता त्यांच्या शेजारी कुणी नदीवरची नाजूक काठी, पातळ तंगूस आणि करंगळीच्या नखाएवढा गळ घेऊन बसला तर? लोक हसणारच. पण गडी योग्य जागी बसला असेल, तर त्याची पिशवी रिकामी राहत नाही.

ब्रिटनमध्ये गळाच्या मासेमारीत तीन जाती आहेत. हो, जातीच म्हणायच्या. नदी-तळ्यातले साधे मासे धरणारे ते ‘कोर्स’, सामन आणि ट्राउटवाले ‘गेम’ (हे पूर्वापार जरा खानदानी) आणि तिसरे समुद्रवाले. नियमसुद्धा वेगळे. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायला परवाना लागतो, किनाऱ्यावरून समुद्रात टाकायला तो लागत नाही. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून कोर्स मासेमारी बंद असते, समुद्राला तशी सुट्टी नाही. त्यामुळे कित्येक जण आयुष्यभर आपल्याच पाण्याला चिकटून राहतात. आपल्याकडे ‘मी कॉमर्सचा, मला काय कळणार सायन्सचं’ म्हणतात ना, तसंच काहीसं.

माशांना मात्र ही भिंत माहीत नाही. फ्लाउंडर नावाचा चपटा मासा घ्या. तो खाडीतून थेट नदीच्या गोड्या पाण्यात चढतो आणि हिवाळा सरता सरता अंडी घालायला समुद्राकडे निघतो. त्याआधी खाडीच्या तोंडाशी, काठाला अगदी लागून, गुडघाभर पाण्यातही तो चरत असतो. म्हणजे शंभर मीटरवर शिसं फेकणारा पहिलवान माशाच्या डोक्यावरून गळ टाकतोय! इथं नदीवाल्याची शिकवण कामाला येते. आधी काठाजवळ बघ, मग लांब जा.

दुसरी गोष्ट काठीच्या टोकाची. नदीवरच्या फीडर काठीचं टोक काडीसारखं बारीक असतं. माशानं आमिष नुसतं चाचपलं तरी ते थरथरतं. जाड काठीवर तोच स्पर्श कळतच नाही. आणि दीडशे ग्रॅमच्या शिशाला बांधलेला अर्ध्या किलोचा मासा ओढून आणण्यात कसली आलीय मजा? तिसरी युक्ती चाऱ्याची. गळाच्या जवळ छोटा जाळीदार पिंजरा बांधून त्यात चारा भरायचा. नदीत पावाचा चुरा चालतो. समुद्रात त्याऐवजी मॅकरल, म्हणजे आपल्या बांगड्याचा तिकडचा भाऊबंद, ठेचून भरला की वास पसरतो आणि मासा वासामागे गळापर्यंत येतो. अंधार पडल्यावर किनाऱ्याशी येणारा व्हायटिंगही असाच सापडतो.

पण युक्ती उचलताना ती का चालते हेही उचलावं लागतं, आणि इथंच बरेच हुशार लोक घसरतात. नदी एकाच दिशेनं वाहते. खाडी साधारण सहा तासांनी तोंड फिरवते. हातानं फेकलेला चारा नदीवर ठरल्या जागी पोचतो, इथं तो भलतीकडे वाहून जातो आणि मासेही त्याच्याबरोबर जातात. ब्रिस्टल चॅनेलमध्ये भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरपर्यंत जातो, तिथं नाजूक काठीचं काही चालत नाही. कोकणातल्या कुठल्याही आजोबांना विचारा, उधाण आणि भांग यातला फरक ते झोपेतही सांगतील. हलक्या सामानाला भांगाचे दिवस बरे. खडकाळ जागी तर पातळ तंगूस नेऊच नये. तो तुटतो आणि गळ माशाच्या तोंडात राहतो. आपल्या हौसेची किंमत त्यानं का मोजायची?

आणि जीव. तळ्याकाठी तासन्‌तास एका जागी बसायची सवय समुद्रावर महागात पडते, कारण पाणी मागून वळसा घालून येतं. थंडगार पाण्यात अचानक पडलं की श्वासच अडकतो. 1824 पासून तिथं बुडणाऱ्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्था सांगते, की लगेच हातपाय मारू नका, पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या. लाइफजॅकेट घालायला लाजणारे कूल वगैरे मुळीच दिसत नाहीत.

नदीवाल्यांची आणखी एक सवय समुद्रावर यायला हवी. ते मासा ओल्या हातानं धरतात आणि बहुतेक वेळा परत सोडतात. समुद्रावर पकडलं की घरी न्यायचं, हा रिवाज जुना. खायला न्यावं की, त्यात गैर काही नाही. पण तळहाताएवढं पिल्लू पिशवीत कशाला?

आपल्याकडे खाडीत गरवायला जाणारे बोय बघतात. तोही खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत फिरणारा. धरणावर कणकेचा गोळा लावून बसणाऱ्यांनी या थंडीत तो गोळा एकदा बोयपुढे टाकून बघावा. गळ बारीक हवा, तोंड लहान असतं त्याचं. भरती कधीची ते तिथल्या कोळ्यांना विचारून जा. आणि घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर पुढच्या रविवारपर्यंत ते गंजलेलं असेल.