बाळ घरी, आई एसटीत

तान्ह्या बाळाची आई घराबाहेर निघाली की घरात पहिली चौकशी होते ती बाळाच्या पोटाची. पावडर आणून ठेवली का, गाईचं दूध चालेल का, बाटली कोण देणार? त्या दिवसभरात आईच्या अंगावरच्या दुधाचं काय होणार, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर आधी तेच विचारायला हवं.

जयगडहून रत्नागिरीला जायचं तर एसटीने जाता-येता तीन तास सहज जातात. तिथे कचेरीतलं काम, परीक्षा नाहीतर मुलाखत. सकाळी निघालेली बाई दिवेलागणीला वाडीत परत येते. मुंबईला प्रशिक्षण असलं तर दोन-तीन दिवस मोडतात. आपल्या मुली शिकल्या, नर्सिंगला गेल्या, पोलिसात, शाळेत, बचतगटाच्या कामाला लागल्या. त्यांचा प्रवास थांबणार नाही आणि थांबूही नये. पण आमच्या पाहण्यातल्या कितीतरी जणींचं दूध बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत कमी झालं, आणि सगळ्यांनी ठरवलं की हिच्या अंगावर दूधच नव्हतं. पुढे पावडरीचा खर्च आणि तो परवडेना म्हणून डब्यातली पावडर पुरवून पुरवून, जास्त पाणी घालून पाजणं. बाळ सुकतं ते तिथे.

दूध जितकं बाहेर निघतं तितकं नवीन तयार होतं. छाती तासन् तास भरलेली राहिली की शरीराला वाटतं, आता गरज उरली नाही. एखाद्या दिवसाने बिघडत नाही, पण हे पुन्हा पुन्हा घडलं की दूध उतरू लागतं. शिवाय छाती दगडासारखी होते, गाठ येते, थंडी वाजून ताप येतो. म्हणून बाळ घरी असताना जितक्या वेळाने पीत होतं, साधारण तितक्याच वेळाने, म्हणजे दर तीन तासांनी, प्रवासातही दूध काढायचं. रात्री मुक्काम असला तर रात्रीही एकदा, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं.

यासाठी महागडं यंत्र लागतं असं नाही. पंप असला तर चांगलंच. नसेल तर हात पुरे. हात साबणाने धुवायचे. अंगठा वर, बाकीची बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, पुन्हा तेच. नुसतं स्तनाग्र ओढू नये, दुखतं आणि दूधही येत नाही. सुरुवातीला थेंबच येतील. मोबाईलवर बाळाचा फोटो पाहिला, त्याचं दुपटं जवळ घेतलं की पान्हा लवकर फुटतो. दोन्ही बाजू मिळून वीस ते तीस मिनिटं.

काढलेल्या दुधाचं काय? साधारण २५ अंशांच्या खोलीत ते चार तास टिकतं, पण वैशाखातली आपली एसटी २५ अंशांची नसते. घट्ट झाकणाचा स्वच्छ, उकळलेला डबा आणि गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्मासची पेटी असेल तर २४ तासांपर्यंत चालतं. जयगडसारख्या बंदरात मासळीचा बर्फ हाताशी असतो. तो वापरायला हरकत नाही, फक्त ते वितळलेलं पाणी दुधाच्या डब्यात जाता कामा नये. बर्फाची सोय नसेल तर दूध सरळ ओतून द्या. जीव हळहळतो हे खरं, पण त्या दिवशीचं काम दूध साठवण्याचं नसून ते आटू न देण्याचं आहे. घरी आणलेलं दूध उकळू नये. डबा कोमट पाण्यात ठेवावा आणि वाटी-चमच्याने पाजावं.

आणखी एक. उन्हातून आलेल्या आईचं दूध तापतं, दिवसभर अंगावर राहिलेलं दूध शिळं होतं, ते पिळून टाक, मगच बाळाला घे, असं आपल्याकडच्या सासूबाई आणि आयाही सांगतात. मायेपोटीच सांगतात. पण छातीतलं दूध शिळं होत नाही. आल्यावर हात-पाय धुवा, पाणी प्या आणि बाळाला लगेच घ्या.

आता जागेचं. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. दरवाजे बंद झाले तरी बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव त्यांना दिलं आहे. आमच्यातली एक जण अशा एका कक्षाशी गेली तेव्हा दाराला कुलूप होतं. किल्ली मागितली तर विचारणा झाली, "बाळ कुठाय तुमचं?" बाळ घरी होतं, म्हणून तर ती तिथे आली होती! शेवटी तिला संडासात उभं राहून दूध काढावं लागलं. संडासात बसून आपण कोणी जेवतो का? मग बाळाचं जेवण तिथे का काढायचं? कुशीत मूल नसलेली बाईही दूध पाजणारी आई असते, हे किल्ली सांभाळणाऱ्यांना सांगावं लागेल, आणि लेखी सांगावं लागेल. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. प्रवास वाढला, तसे हे कक्षही उघडे राहायला हवेत.

हे उपकार म्हणून मागायचं नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली तेव्हा आईला मिळणारी विश्रांती ही देशाच्या हिताची गोष्ट म्हणून मांडली होती. १९२९ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. पुढे १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी जादा सुटी दिली. ज्या नोकरीत हा हक्क लागू आहे तिथे हा वेळ ठामपणे मागा. मात्र मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

सरकारकडे बोट दाखवताना थोडं आपल्याकडेही पाहू. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, २० मार्चला महाडला वाड्यावाड्यांतून गाड्या भरून जातात. चहासाठी गाडी थांबते, पुरुषांना आडोसा कुठेही सापडतो. त्या गाडीत मूल सासूकडे ठेवून आलेली एखादी आई असतेच, आणि ती लाजेने बोलत नाही. गाडी ठरवणाऱ्या मंडळांनी दर तीन तासांनी अर्धा तास थांबण्याचं चालकाशी आधीच बोलून घ्यावं. विहारात आणि जयंतीच्या मंडपात पडदा लावलेला एक कोपरा, एक खुर्ची, पाणी आणि साबण ठेवावा. त्याला वर्गणी वाढवावी लागत नाही. येत्या बैठकीत हा विषय महिलांनीच काढावा, आणि कोपऱ्याची किल्लीही त्यांच्याकडेच असावी.