स्नेहसंमेलनाचा ठेका

दिवाळीची सुटी संपली, सहामाहीचे निकाल हाती पडले, की शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीचे पहिले दोन आठवडे हा या सोहळ्यांचा हंगाम होय. बाहेरून पाहता त्यात फारसे काही बदललेले नाही. बक्षीस समारंभ आहे, पाहुण्यांचे लांबलेले भाषण आहे, आनंदमेळाव्यात नववीच्या मुलांनी मांडलेली भेळेची गाडी आहे. बदलले आहे ते रंगमंचावर घडणाऱ्या गोष्टीचे स्वरूप. चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण लावावयाचे, एकसारख्या पोशाखातील चाळीस मुलांनी एकसारखे हातवारे करावयाचे आणि चार मिनिटांनी पुढच्या चाळिसांना जागा करून द्यावयाची, असा हा कार्यक्रम असतो. तीन तासांच्या या सोहळ्यात मुलांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो केवळ निवेदनापुरता. गाणारा गळा दुसऱ्याचा, वाजणारे वाद्य दुसऱ्याचे आणि पुष्कळदा नाचाची कल्पनाही बाहेरून मानधन देऊन आणलेल्या नृत्यदिग्दर्शकाची. पोशाख भाड्याचे, प्रकाशयोजना भाड्याची. मुलांच्या पाठीमागे झगमगणारा पडदाही भाड्याचाच. स्नेहसंमेलनाचा ठेका आता तबल्यावर धरला जात नाही. तो दिला जातो.

या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. पूर्वीच्या संमेलनांत तीच ती दहा-बारा हुशार आणि गोरीगोमटी मुले दरवर्षी पुढे येत व उरलेले सारे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवीत, हे खरे आहे. आता निदान प्रत्येक मुलाला रंगमंचावर पाऊल ठेवता येते आणि प्रत्येक पालकाला भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करता येते. परंतु रंगमंचावर उभे राहणे म्हणजे सहभाग नव्हे. तिसऱ्या रांगेतील मुलाला आपण नसतो तर काय बिघडले असते, हा प्रश्न पडत असेल तर त्याचे उत्तर त्याला ठाऊक असते. शिवाय पोशाखाच्या भाड्याची वर्गणी ज्याच्या घरून वेळेवर आली नाही, त्याचे पोट नेमके संमेलनाच्या आठवड्यात दुखू लागते. हे दुखणे शिक्षकांना चांगले कळते; पण वर्गणीच्या यादीत त्यासाठी रकाना नसतो.

संगीत नाटकाचे आणि शाळेचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी बेळगावात शिक्षकाची नोकरी केली होती, आणि पुढे ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचेच विद्यार्थी. बालविवाहाच्या प्रश्नावर १८९९ साली देवलांनी जे नाटक दिले त्याची नायिका आजच्या माध्यमिक शाळेतील मुलीच्या वयाची आहे, ही गोष्ट आजही विचार करण्याजोगी आहे. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाला जे व्यापक रूप आले त्यातून मेळे निघाले आणि शाळकरी पोरांनी त्यांत पदे म्हटली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे नट घडले. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये बालरंगभूमीचा प्रपंच मांडला आणि रत्नाकर मतकरी यांनी मुलांसाठी सातत्याने नाटके लिहिली. महाराष्ट्राबाहेर पाहावयाचे तर १९०८ साली रवींद्रनाथांनी ‘शारदोत्सव’ हे गीतांनी भरलेले नाटक लिहिले तेच शांतिनिकेतनातील विद्यार्थ्यांसाठी. सण, गाणे आणि शाळा यांची अशी सांगड घालण्यात त्या कवीला काही कमीपणा वाटला नाही.

संगीत नाटक म्हटले की काहींच्या डोळ्यांसमोर अर्धा तास आळवलेले पद आणि पेंगणारा प्रेक्षक उभा राहतो. तसे करण्याची कोणावर सक्ती नाही. सव्वा तासाचे, दहा-बारा गाण्यांचे नाटक मराठीच्या शिक्षकाने मुलांना बरोबर घेऊन लिहावे. चाली लोकगीतांच्या असोत किंवा मुलांनी स्वतः बांधलेल्या असोत. एखादे गाणे थोडे बेसूर झाले तर होऊ द्यावे. महत्त्व आहे ते त्याआधीच्या तीन महिन्यांच्या तालमींना. तालमीत शाळेची नेहमीची उतरंड मोडते. गणितात कायम मागे राहणारा मुलगा ढोलकीवर बसला की पहिल्या क्रमांकाच्या मुलीलाही त्याच्याकडे पाहून गाणे उचलावे लागते. चार वाक्ये बोलण्याची हिंमत नसलेली मुलगी विंगेत संहिता धरून बसते आणि पंधरा दिवसांत सबंध नाटक तिला पाठ होते. ऐन वेळी राणीचे काम करणारी आजारी पडली तर मुकुट हिच्याच डोक्यावर येतो. कुणी पुठ्ठ्याचा राजवाडा रंगवितो, कुणी आईची जुनी पैठणी मागून आणतो, कुणाला दिव्यांच्या तारांचे वेड लागते. एकाचे चुकले की सर्वांचे थांबते, हा अनुभव चार मिनिटांच्या नाचात येत नाही, कारण तेथे गाणे कुणासाठीच थांबत नाही.

मुलामुलींच्या एकत्र तालमी म्हणजे नसती जोखीम, अशी कुजबूज काही व्यवस्थापनांत अजूनही ऐकू येते. बारा-तेरा वर्षांपासून सोळापर्यंतच्या मुलामुलींनी एकमेकांशी बोलायचे कुठे, याचे उत्तर मात्र ही मंडळी देत नाहीत. देखरेखीखाली एका कामात गुंतलेली मुले ही शिकवणीच्या जिन्यात घोटाळणाऱ्या मुलांपेक्षा अधिक सुरक्षित असतात, एवढे तरी त्यांनी ध्यानात घ्यावे.

संमेलनाच्या उत्सवी बाजूबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आनंदमेळावा ही उत्तम प्रथा आहे. भांडवल किती, कांदा किती, उरलेल्या पुऱ्यांचे काय, हा हिशेब वाणिज्याच्या पुस्तकापेक्षा तेथे लवकर समजतो. मात्र शेलापागोटे, ज्याला सर्वत्र फिशपाँड म्हणतात, त्याच्या चिठ्ठ्यांवर कुणाचे तरी लक्ष असावयास हवे. रंगावरून, जाडीवरून, जातीवरून मारलेला टोमणा शंभर जणांच्या हशात बुडून जातो. ज्याच्यावर मारला त्याच्या मनातून मात्र तो बुडत नाही. निनावी विनोद करण्याची ही सवय पुढे कुठे जाते हे मुलांच्या भ्रमणध्वनीवरील गट पाहणाऱ्यांना सांगावयास नको.

अडचणी खऱ्या आहेत. शिक्षकावर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे आहेतच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे म्हटले आहे. पुष्कळ शाळांत ते पद कागद सोडून वर्गात आलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेचा आणि अभ्यासाचा मेळ घालण्यावर पानेच्या पाने आहेत. संगीताच्या शिक्षकाचा पगार त्या पानांतून निघत नाही. लेखकाच्या मानधनाची भीती मात्र अनाठायी आहे. शाळेतील मुले व शिक्षक यांनी केलेला प्रयोग केवळ विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता असेल तर त्याला कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. तिकीट लावून गावाला बोलवावयाचे असेल, तर लेखकाला त्याचे द्यावे; त्यात कुरकुर करण्याजोगे काही नाही.

दहावीच्या मुलांना संमेलनातून वगळण्याचा प्रघात हा सर्वांत अन्यायाचा आहे. सराव परीक्षा तोंडावर आहेत, हे कारण पुढे केले जाते. परंतु शाळा सोडून जाणाऱ्या मुलांना शाळेच्या शेवटच्या उत्सवात प्रेक्षक करून ठेवणे हे विचित्र आहे, आणि विशेष म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेत कलेच्या प्रावीण्यासाठी वाढीव गुण देण्याची सोय सरकारनेच केली आहे. संमेलन डिसेंबरऐवजी सप्टेंबरमध्ये, गणपती उठल्यावर घेतले तर हा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी संहिता जूनमध्ये हवी, तालमी पावसाळ्यात, आणि भाड्याच्या पोशाखांवर होणाऱ्या खर्चातून एक तबला-डग्गा आणि कपाटात धूळ खात पडलेल्या पेटीचा भाता दुरुस्त व्हावयास हवा. पालक-शिक्षक संघाची वर्षातील पहिली सभा शाळा उघडल्यावर भरते. तेथे गणवेशाच्या रंगावर दोन तास चर्चा होते. त्यातील अर्धा तास या विषयाला सहज देता येईल.