इलेक्ट्रॉन धावतात, पोकळ्या अडतात

भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रह २०१५ मध्ये अवकाशात झेपावला. त्यावरील एका क्ष-किरण उपकरणात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ६४ डिटेक्टर आहेत. जर्मेनियमसारखी अतिशीत तापमानाची गरज नाही, हे त्यांचे बलस्थान. दुखणे वेगळेच आहे. किरण शोषला जाताच स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि धनप्रभारित ‘पोकळ्या’ निर्माण होतात. इलेक्ट्रॉन वेगाने धनाग्र गाठतात. पोकळ्या मात्र रेंगाळतात, स्फटिकातील दोषांत अडकतात. परिणामी किरणाची ऊर्जा प्रत्यक्षाहून कमी नोंदली जाते. प्रत्येक डिटेक्टरचे २५६ सूक्ष्म भाग केल्याने नोंदीतील इलेक्ट्रॉनांचा वाटा वाढतो आणि तूट बरीच घटते. उरलेली गणिताने दुरुस्त करावी लागते. ते गणित भारतीय शास्त्रज्ञांनी केले. मूळ दोष मात्र स्फटिकाच्या घडणीतला, आणि डिटेक्टर तर आले होते इस्रायलमधून.